अकरा नंबरचं मशीन

आमच्या घरी मासे कधी तळायचे हे टायपिंगच्या बॅचवर ठरायचं. सकाळची बॅच साडेनवाला सुटली की पुढचा दीड तास आईचा. तेवढ्यात बांगडा तव्यावर पडून, खाली उतरून, खिडक्या उघडून, उदबत्ती लावून झालेली असली पाहिजे, कारण अकराला दुसरी बॅच यायची, आणि नानांचं म्हणणं असं की मुलांना क्लासात पाऊल टाकल्यावर क्लासचाच वास आला पाहिजे. क्लासचा वास म्हणजे मशीनच्या तेलाचा, कार्बन पेपरचा आणि रिबिनीच्या शाईचा. मुलुंड पूर्वेला एका बैठ्या चाळीच्या टोकाला आमच्या दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत बारा टाइपरायटर, आतल्या खोलीत आम्ही तिघं, आणि मध्ये एक जाड निळा पडदा. आई पडद्याआड भाकरी थापायची तेव्हा तिचे हात बाहेरच्या ठोक्यांवर चालायचे. बॅच नवी असली तर भाकऱ्या हळू व्हायच्या, परीक्षा जवळ आली की पटापट. ओळ संपत आल्यावर मशीनची घंटी वाजते. अशा बारा घंट्या दिवसभर मागेपुढे वाजत राहायच्या, आणि रविवारी त्या वाजल्या नाहीत की आई म्हणायची, "घर कसा मेल्यासारख्या वाटता."

माझे वडील, म्हणजे नाना, आधी एका गिरणीच्या ऑफिसात टायपिस्ट होते. गिरणी बंद पडली आणि ऑफिसातली मशीनं भंगारात निघाली, तेव्हा नानांनी ती वजनावर विकत घेतली. घासाघीस केली नाही. भंगारवाल्यानं जो भाव सांगितला तो कबूल. आईला हे शेवटपर्यंत पचलं नाही. "निदान वजन करायच्या आधी धूळ तरी झटकायची होती," असं ती कुणीही पाहुणा आला की सांगायची. माझ्यातली घासाघीस आईकडून आली आहे. राग कुणाकडून आला ते माहीत नाही, कारण त्या घरात माझ्याशिवाय कुणी रागावत नव्हतं.

दोन बॅच झाल्या की दुपारी नाना धंद्यावर निघायचे. खांद्याच्या पिशवीत रिबिनी, कार्बनचे डबे आणि स्क्रू-ड्रायव्हर. मुलुंडपासून घाटकोपरपर्यंतच्या कारखान्यांची ऑफिसं त्यांची बांधलेली गिऱ्हाइकं होती. मशीन बिघडलं की दुरुस्त करायचं आणि रिबीन विकायची. संध्याकाळी परत येऊन तिसरी बॅच. एवढं करून सकाळी माझी वेणी तेच घालायचे, कारण आईचे हात पिठात असायचे. चाळीतल्या कुठल्याही मुलीची वेणी माझ्याइतकी सरळ नसायची. टायपिस्टाची बोटं, प्रत्येक पेडाला सारखा दाब. मी डोकं हलवलं की म्हणायचे, "हल्लीस तर खाडाखोड होईल."

पण हे सगळं पडद्याच्या आत. पडद्याच्या बाहेर ते सर होते, माझेसुद्धा. मी आठ-नऊ वर्षांची असताना एकदा ऐन बॅचमध्ये बाहेर गेले आणि "नाना, पाणी संपलं" म्हणाले. त्यांनी वर पाहिलं नाही. मी पुन्हा "नाना" म्हटलं. एक मुलगा फिस्सकन हसला. नाना शांतपणे म्हणाले, "इथं नाना नावाचं कुणी बसत नाही." मी आत येऊन रडले. पाच मिनिटांनी तेच पडदा सारून आत आले आणि म्हणाले, "काय गं सुले, काय हवं होतं?" पुढं मी स्वतः शिकायला बसले तेव्हा तर मी सुली नव्हतेच, "परब" होते. "परब, करंगळी आळशी आहे." "परब, मान वर." बोटांकडे बघायचं नाही म्हणून प्रत्येकाच्या हातांवर एक फडकं असायचं. आईच्या जुन्या साड्या कापून शिवलेलं, दोन टोकं मशीनला बांधलेली आणि दोन मुलांच्या गळ्यात. बाराही जण गळ्यात फुलाफुलांची साडी बांधून खाली न बघता बडवत बसलेत, हे दृश्य नवीन माणसाला वेडगळ वाटायचं. मला अजून वाटतं की तसं शिकवणारा मास्तर मी दुसरा पाहिला नाही, आणि मी पुढं मास्तरकीवरच चार पैसे कमावलेली बाई आहे.

आणखी एक माझं काम होतं. शनिवारी दुपारनंतर क्लास बंद असायचा, आणि त्या वेळात बाराही मशीनं तपासायची. मी बारा वर्षांची झाल्यापासून हे काम माझ्याकडे आलं. पिनेनं अक्षरांच्या पोटात साठलेली शाई काढायची, ठरलेल्या जागी तेलाचा थेंब सोडायचा, मग एक ओळ टाइप करून बघायची आणि शेवटी स्पेसबार वीस वेळा दाबायचा. दर दाबाला कागद धरणारी गाडी एकच घर सरकली पाहिजे. भिंतीला खिळ्यावर एक वही टांगलेली होती. तिच्यात मशीनच्या नंबरापुढे "ठीक" लिहायचं, नाहीतर काय बिघडलंय ते लिहायचं. रविवारी नाना फक्त वही बघायचे आणि जे बिघडलंय तेच उघडायचे. मी "ठीक" लिहिलेलं मशीन त्यांनी कधी पुन्हा तपासलं नाही.

सतरा संपत असताना मी सरकारी परीक्षेला बसले. त्या काळी परीक्षेला मशीन आपलं आपण न्यावं लागायचं. केंद्र घाटकोपरच्या एका शाळेत. सगळ्या मुलांना आणि मशीनांना घेऊन टेम्पो निघायचा, आणि खड्ड्यात आदळू नये म्हणून प्रत्येक जण आपापलं मशीन मांडीवर घेऊन बसायचा. सहा महिने एकाच मशीनवर हात बसलेला असतो. कुठलं अक्षर जड आहे, कुठलं हलकं, हे बोटांना ठाऊक असतं. माझं चार नंबर. माझ्याशेजारी वंदना कांबळे, तिच्या मांडीवर सात नंबर. वंदना भांडुपहून चालत क्लासला यायची. वडील नुकतेच वारलेले, पाठीवर दोन भाऊ, आणि मामाच्या ओळखीनं एका सरकारी ऑफिसातली जागा तिच्यासाठी कशीबशी थांबलेली. सर्टिफिकेट हातात आलं तर नोकरी, नाहीतर जागा दुसऱ्याला. टेम्पोत ती मला म्हणाली, "सुले, माझे तळवे बघ, नुसते ओले झालेत. बोटं घसरली तर?" मी म्हटलं, "मशीनवरच्या साडीला पूस. आईची आहे, चालेल." त्या सकाळी मोठी झाल्यावर कितीतरी दिवसांनी नानांनी माझी वेणी घातली होती. माझ्या पायात नवे सँडल होते. मी खुशीत होते.

शाळेच्या अंगणात मशीनं उतरवताना वंदनाचं सात नंबर बाकावर टेकलं आणि आत काहीतरी फट्कन तुटलं. गाडी ओढणारा पट्टा गेला होता. अक्षरं एकावर एक पडायला लागली. नानांनी झाकण उघडून बघितलं आणि घड्याळ बघितलं. वीस मिनिटांचं काम आणि हातात दहा मिनिटं. जादा म्हणून आणलेलं एकच मशीन होतं, अकरा नंबर. वेगळ्या कंपनीचं, पट्ट्या जड, वंदनानं कधी हात न लावलेलं. वंदना रडत नव्हती, नुसती बघत होती.

नाना माझ्याकडे वळले. "सुले, चार नंबर तिला दे. तू अकरा घे."

दुसऱ्या क्लासांची धरून पंधरा-वीस मुलांसमोर ते मला सुली म्हणाले. पहिल्यांदाच.

मी म्हटलं, "सर, माझा हात चारवर बसलाय."

"तुझा हात बाराहींवर बसलाय. तिचा एकावरच. चार आणि सात एका कंपनीची आहेत, तिला जमेल. आणि अकरा ठीक आहे, वहीत बघितलंय मी."

वंदना म्हणाली, "नको सर, तिचं नको." पण तोवर नानांनी चार नंबर उचललं होतं. घंटा झाली, आम्ही आत गेलो, नाना फाटकाबाहेर राहिले, कारण शिकवणाऱ्यांना आत सोडत नसत. तिसऱ्याच ओळीत अकरा नंबरनं उडी मारली. स्पेसबार दाबला की कधी एक घर, कधी दोन. जास्तीचं प्रत्येक घर म्हणजे एक चूक. मी हळू झाले तर वेळ पुरेना, वेग धरला तर चुका वाढल्या. बाजूला माझं चार नंबर वंदनाच्या हाताखाली पावसाच्या सरीसारखं एकसारखं चाललेलं मला ऐकू येत होतं.

वंदना पास झाली आणि मी नापास. ती पेढे घेऊन आली त्या संध्याकाळी मी पेढा खाल्ला नाही. दारातच म्हणाली, "सुले, मी नको म्हटलं होतं त्यांना. तू ऐकलंस ना?" मी म्हटलं, "नको म्हणून घेतलंसच ना?" ती पेढे आईच्या हातात देऊन गेली. ती गेल्यावर मी जे केलं ते चाळीला पुढं बरीच वर्षं आठवत होतं. दोन खोल्यांमधला तो निळा पडदा मी दोन्ही हातांनी ओढला, कड्यांसकट खाली आणला आणि नानांच्या पायाशी फेकला. "क्लासात मी तुमची मुलगी नव्हते. कधीच नव्हते. मग मशीन काढून घ्यायला मुलगी कशी झाले?"

नानांनी खाली बसून विखुरलेल्या कड्या गोळा केल्या, आईकडून सुई मागितली आणि कड्या पुन्हा शिवायला लागले. आई म्हणाली, "बापाशी असा बोलतत?" नाना म्हणाले, "बोलू दे. बरोबर विचारतेय ती."

बरोबर विचारतेय ती. या तीन शब्दांवर मी पुढची सहा वर्षं जगले. मी पुन्हा परीक्षेला बसले नाही. अंधेरीच्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर आकडे भरायची नोकरी धरली, तिथंच यंत्र शिकून घेतलं, आणि बंद पडलेल्या एका ऑफिसाचे आठ जुने कॉम्प्युटर मालकाला तीन दिवस चहा पाजून, भांडून, दोनदा उठून निघून जाऊन, निम्म्याहून कमी भावात उचलले. धूळ झटकून घेतले. जागा बघायची वेळ आली तेव्हा स्टेशनजवळ एक स्वस्त गाळा मिळत होता. मी तो सोडला आणि आमच्या चाळीच्या बरोबर समोर, रस्त्यापलीकडे, पहिल्या मजल्यावरचा महाग गाळा घेतला. आयुष्यात एवढा एकच सौदा मी मुद्दाम तोट्यात केला.

वर्षभरात नानांच्या तीन बॅचची एक झाली आणि त्या एकीत तीन मुली उरल्या. मी राहायला घरीच होते. दिवसा समोर बसून त्यांची मुलं घ्यायची आणि रात्री त्यांच्याच पंक्तीला बसून पिठी-भात खायचा. आता मासे केव्हाही तळता यायचे. आईनं एकदा ताट वाढताना सुनावलं, "घरात जेवतंस आणि समोरच दुकान मांडतंस. लाज नाय वाटत तुका?" नाना म्हणाले, "अगं, धंदा आहे. रस्ता काय आपला आहे?" आणि माझ्या पानात बांगड्याचा मधला तुकडा सरकवला. मी तो खाल्ला.

इथवरची गोष्ट मी आयुष्यभर सांगत आले. नवऱ्याला सांगितली, माझ्या क्लासांत शिकवणाऱ्या मुलींना सांगितली. बापानं परक्या मुलीसाठी माझं मशीन काढून घेतलं, त्यातून मी उभी राहिले. ऐकणारा मान डोलावतो. जे सांगत नाही ते असं, की परीक्षेच्या आधीच्या शनिवारी मी दहाच मशीनं तपासली. उरलेली दोन बघायच्या आधी मैत्रीण बोलवायला आली. तिच्याबरोबर घाटकोपरला सँडल घ्यायला जायचं होतं. मी अकरा आणि बारा नंबरांपुढे हात न लावताच "ठीक" लिहिलं आणि गेले. एका सँडलसाठी दुकानदाराशी दीड तास हुज्जत घातली आणि जिंकून आले. तेच सँडल पायात घालून मी त्या अंगणात उभी होते. नाना "वहीत बघितलंय मी" म्हणाले तेव्हा मला एवढंच म्हणायचं होतं की मी ते मशीन तपासलेलं नाही. पंधरा-वीस मुलांसमोर म्हणायचं होतं. नाही म्हटलं. निकालाच्या दिवशी म्हणता आलं असतं, तेव्हा मी पडदा ओढला. ज्याचा माल खोटा असतो तो आधी आवाज चढवतो. हे मी गिऱ्हाइकांत रोज बघते. बोलणाऱ्याच्या आवाजावरून मी मालाची किंमत सांगू शकते, आणि नाना तर माझ्यापेक्षा जुने धंदेवाले होते. पण हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. मला वाटायचं, त्यांना वाटतंय की त्यांनी माझ्यावर अन्याय केला. आणि मी त्यांना तसं वाटू दिलं.

मग ती दुपार. तीनची बॅच चालू होती. आठ कॉम्प्युटर, तीन मुलं, पाच खुर्च्या रिकाम्या. जिन्यावर पावलं वाजली आणि नाना दारात उभे राहिले. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. चपला त्यांनी दाराबाहेर काढल्या, जशा त्यांच्या क्लासात मुलं काढत. हातात माझ्या क्लासचा प्रवेशाचा फॉर्म होता. कुणाकरवी मागवला असणार. तो त्यांनी हातानं भरला नव्हता, टाइप केला होता. छापलेल्या रेघांवर अक्षरं अशी बसवली होती की एकही वर-खाली नाही. व्यवसाय: शिक्षक. संगणकाचा पूर्वानुभव: नाही. कोपऱ्यात फोटो चिकटवलेला.

"मॅडम," ते म्हणाले, "प्रवेश मिळेल का?"

मुलांनी माना वळवल्या. मी म्हटलं, "कशाला?"

"माझ्याकडे तीन मुली आहेत. त्या विचारतात, सर, कॉम्प्युटरवर बोटं तशीच ठेवायची का? मला सांगता येत नाही. मला शिकून त्यांना शिकवायचंय. तेवढ्या तीन पार पडल्या की झालं."

आज मी तीन क्लासांची मालकीण आहे आणि चाळीच्या जागी वीस मजले उभे आहेत. या वयात माणूस आपल्या चुकांना कारणं शोधतो. मीही शोधून बघितली. वय लहान होतं, धंदा नवा होता, मुलं बघत होती. एकही टिकत नाही. मला त्या क्षणी फक्त अंगण आठवलं, आणि त्यांनी उचललेलं चार नंबर.

मी म्हटलं, "बॅच फुल आहे, सर."

नानांनी रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं. मोजल्याही असतील, डोळे तसे फिरले. "बरं, मॅडम," म्हणाले. फॉर्मची नीट घडी करून खिशात ठेवला. दाराजवळच एक रिकामा कॉम्प्युटर चालू होता. जाता जाता ते त्याच्यापाशी थांबले, वाकले आणि अंगठ्यानं स्पेसबार दाबायला लागले. हळू, सारख्या दाबानं, पडद्यावरची उभी रेघ एकेक घर सरकताना बघत. वीस वेळा दाबला. मी मोजलं.

मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "हा ठीक आहे. इथं तपासतेस तू. अकरा नंबर राहिला होता तुझा त्या शनिवारी."

आवाजात काही नव्हतं. वेणी घालताना असायचा तसा होता.

"परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी उघडला मी तो," ते म्हणाले. "तुझी चूक वहीत होती. माझी ही, की मी वहीवर विसंबलो. तू सांगशील म्हणून थांबलो होतो." चपला घातल्या आणि जिना उतरून गेले.

म्हणजे मी पडदा फेकला तेव्हा ते जाणून होते. "बरोबर विचारतेय ती" म्हणाले तेव्हा जाणून होते. सहा वर्षं माझ्या पानात मधला तुकडा सरकवत होते तेव्हाही. मला उठता आलं असतं. जिना चौदा पायऱ्यांचा होता आणि ते सावकाश उतरत होते. मी बसून राहिले आणि एका मुलाला उगाच ओरडले की बोटांकडे काय बघतोस.

पुढं वंदनानं त्यांना शिकवलं. रविवारी तिच्या ऑफिसात नेऊन, साहेबांची परवानगी काढून. त्या तिन्ही मुली पार पडल्या. नाना त्यानंतर नऊ वर्षं होते. त्यांच्या दुखण्यात मी काही कमी पडू दिलं नाही. डॉक्टर, खोली, नर्स, सगळ्यांशी भांडून मी त्यांना चांगलं ते मिळवून दिलं. एक वाक्य होतं ते मात्र दिलं नाही, आणि त्यांनी पुन्हा मागितलं नाही.

त्या दुपारी मी खिडकीशी उभी राहिले तेव्हा ते रस्ता ओलांडून घरात शिरले होते. थोड्या वेळानं समोरून एकाच मशीनचा आवाज यायला लागला. बाराही मशीनांचे आवाज मी झोपेतही ओळखायचे. ते अकरा नंबर होतं. ते ओळीमागून ओळ टाइप करत होते, आणि शब्द संपला की मध्ये गाडी सरकल्याचा बारीक आवाज येत होता. मी कान देऊन उभी होते. एक घर, एक घर, एक घर. कुठंही दोन नाही.